झुंबरनं ठेवलेलं नाव

बोईसर,
फेब्रुवारी १९९१

प्रिय सोजर,

पोचल्याचं कार्ड मिळालं असेलच. पण कार्डात खुशाली आणि पत्ता यापलीकडे काय मावतं? आज सवडीनं लिहायला बसले आहे. हे आणि झुंबर सकाळपाळीला गेलेत, पाणी भरून झालंय, आणि दार ओढून घेतलंय म्हणजे शेजारीण विरजण मागायला येणार नाही. तेव्हा तूही पंढरीला निजवून, कामं बाजूला सारून वाच. तुझी सवय मला ठाऊक आहे, दोन ओळी वाचायच्या आणि दूध उतू जाईल म्हणून पळायचं. दूध आधी उतरवून ठेव.

सिन्नरच्या लग्नात आपलं बोलणं झालंच नाही. मामांनी बँड आणला तोही कसला, मांडवाचे बांबू हादरत होते. मी तुझ्या शेजारीच बसले होते. तू झोपलेल्या पंढरीला खांद्यावर टाकून थोपटत होतीस, माझ्या कानाशी तोंड आणून काहीतरी सांगत होतीस आणि मी नुसती मान डोलावत होते. खरं सांगते, मला एक अक्षर कळलं नाही. तिकडे झुंबर मात्र मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून मला हातानं सांगत होती, की मठ्ठ्यात मीठ जास्त झालंय आणि दोन करवल्या वाढप्यांच्या मागे बसून जिलब्या लंपास करतायत. अख्ख्या मांडवात त्या वेळी नीट गप्पा मारत होतो त्या आम्ही दोघीच. तू विचारलंस, "ताई, हिला एवढं सगळं येतं कसं गं?" तेवढं मात्र बँड थांबल्यावर ऐकू आलं. त्याचं उत्तर मांडवात देण्यासारखं नव्हतं, म्हणून आता देते.

आधी बातमी. आपली झुंबर कांडीखात्याची मुकादम झाली! जन्मापासून जिच्या कानावर एक आवाज पडला नाही ती पोरगी आता खातंभर बायकांवर देखरेख करते. कांडी म्हणजे सुताची नळी, ती धोट्यात बसवतात, आणि तो धोटा साच्यातून इकडून तिकडे पळतो तेव्हा कापड विणलं जातं. कांड्या भरायला सगळ्या बायकाच आहेत. कुणी डोंगराकडच्या वाडीवरची, कुणी खानदेशातली, दोघी ओरिसाच्या, एक गोरखपूरची. नवी बाई आली की तिला आधी झुंबरकडे पाठवतात, कारण त्या आवाजात बोलायचं कसं ते झुंबर शिकवते. ह्यांनी नाक्यावरून पेढे आणले आणि चाळीत घरोघर वाटले. वरच्या मजल्यावरच्या काकूंना मात्र मी स्वतः नेऊन दिला आणि सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असं म्हटलं, "घ्या, मुकीचा पेढा घ्या." इतकी वर्षं त्या माझ्या लेकीला ह्याच नावानं बोलवायच्या. तोंड वाकडं करून खाल्ला, पण खाल्ला. मला फार बरं वाटलं. आहेच मी अशी.

तुला आठवत असेल, आम्ही इकडे आलो तेव्हा तू परकरात होतीस. ह्यांना गिरणीत साचेवाल्याचं काम लागलं आणि चार भांडी आणि कडेवर झुंबर, एवढं घेऊन आम्ही बोईसरला उतरलो. मला वाटलं होतं, मुलूख मराठीच आहे, बोलायची काय चिंता? पहिल्याच दिवशी बाजारात घिवली गावची एक मावशी मासे घेऊन बसली होती, तिनं मला काहीतरी विचारलं, मी बघतच राहिले. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा बघत राहिले. शेवटी ती बाकीच्या बायकांना म्हणाली, "नाय गो, हिला बोलता येत नाय वाटतं." तेवढं मात्र मला लख्ख कळलं! डावीकडच्या खोलीत खानदेशी, उजवीकडच्या खोलीत उत्तरेकडचं कुटुंब, कोपऱ्यावर गुजराती दुकानदार, आणि सकाळी लाकडाच्या मोळ्या घेऊन येणाऱ्या वारली बायका. सुरुवातीचे कित्येक महिने मी बोट दाखवून वाणसामान आणलं आणि बोटं वर करून भाव केला. गप्प राहायची सवय नाही मला, तुला माहीत आहे. पोटात बोलणं साचून साचून मी घरी येऊन एकटीच भिंतीशी बडबडायची. तोंड असून बोलता येत नाही म्हणजे काय, हे मला त्या वेळी कळलं, आणि बरं झालं कळलं.

झुंबरचं आम्हाला तोवर लक्षात यायला लागलं होतं. तान्ही असताना ती फार शांत. भांडं पडो, दार आपटो, हिची झोप मोडायची नाही. सासूबाई दृष्ट काढायच्या, एवढी गुणी पोर कुणाची नाही म्हणायच्या. एकच खोड होती तिची, माझ्या गळ्यावर हात ठेवल्याशिवाय झोपायची नाही. मी ओव्या गुणगुणायची आणि ही इवलासा पंजा माझ्या गळ्यावर दाबून पडून राहायची. मी थांबले की थोपटून पुन्हा सुरू करायला लावायची. सासूबाई म्हणायच्या, ही सवय मोड, उद्या गळा आवळेल. मी काही मोडली नाही.

मग पालघरच्या एका डॉक्टरांनी टाळ्या वाजवून, चमचा आपटून, मागून घंटी वाजवून पाहिलं आणि सांगितलं की हिला ऐकू येत नाही, पुढंही येणार नाही. डॉक्टर वाईट नव्हते. पण त्या दिवसापासून जो तो शहाणा झाला. कुणी म्हणे देवऋष्याकडे न्या, कुणी म्हणे दुसरं मूल होऊ द्या. एक गृहस्थ तर म्हणाले की हिला हातवारे मुळीच करू देऊ नका, हात बांधून ठेवा म्हणजे नाइलाजानं तोंडानं बोलेल. मी त्यांना चहा दिला आणि मनात म्हटलं, तुमचंच तोंड बांधते म्हणजे तुम्ही हातानं बोलाल. आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंचं एकच पालुपद, पोरीला गावी पाठवा, गोठ्यात चार कामं करील, तिला कशाला हवंय बोलणं? सोजर, मला झोप लागायची नाही. भाकरी मिळेल, लुगडं मिळेल, ते मी देईन. पण हिच्याशी आयुष्यभर बोलणार कोण, हा एकच घोर मला होता.

आमचं घरातलं बोलणं होतं, नाही असं नाही. जेव, ये, झोप, नको, गरम आहे, मारीन. एवढ्यावर आमचा संसार चालायचा. समोर ताट असेल तर ताटाबद्दल, समोर बाहुली असेल तर बाहुलीबद्दल. समोर नाही त्याचं काय करायचं? काल काय झालं, उद्या कुठं जायचंय, आजी कुठं गेली, तुला काय वाटलं, हे सांगायचं कसं? सासूबाई, म्हणजे तिची आजी, आमच्याकडेच वारल्या तेव्हा झुंबर कितीतरी दिवस त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवून माझ्याकडे बघायची. मी तिला जवळ घ्यायची, पण सांगता काहीच यायचं नाही.

आणि उत्तर कुठं सापडलं माहीत आहे? ह्यांच्या डब्याबरोबर रोज घरी येत होतं, आम्ही बघत नव्हतो. साचेखात्यात शिरलीस तर तुला कळेल. शेकडो साचे एकदम खटाखटा चालू, पायाखालची फरशी थरथरते, शेजारच्या माणसानं कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथं सगळे हातानं बोलतात. आमचे हे बोलतात, साचे नीट चालते ठेवणारा दामू जॉबर बोलतो, उत्तरेकडचे बोलतात, साच्यांना तेल देणारा चिंधू बोलतो. चहा आला, सूत तुटलं, मुकादम येतोय, हे तर झालंच. पण एवढ्यावर भागतं का माणसाचं? तिथं कुणाचं लग्न जमलं, कुणाची बायको रुसली, काल कबड्डीत कोण हरलं, सगळं हातानं. खांद्यावरून अंगठा मागे फेकला की काल, पंजा पुढं उडी मारल्यासारखा नेला की उद्या. बातमी एका साच्यावरून दुसऱ्या साच्यावर पळत पळत दुसऱ्या टोकाला पोचते, आणि चिंधू तेलाचं डबडं घेऊन सगळीकडे फिरत असतो म्हणून तिखटमीठ लावायचं काम त्याचं. नाव तर कुणाचं हाकारता येत नाही, म्हणून प्रत्येकाला हाताचं नाव ठेवलेलं. दामू म्हणजे तिरकी टोपी. आमचे हे म्हणजे तळहातावर चोळलेला अंगठा, तंबाखूपायी. मुकादम म्हणजे काय ते मी पत्रात लिहीत नाही.

पाळी सुटल्यावरही ह्या लोकांचे हात थांबत नाहीत. कान बधिर झालेले असतात, म्हणून चाळीच्या ओट्यावर बसूनही निम्मं बोलणं हातानंच. झुंबर त्यांच्यात जाऊन बसायची. मला वाटायचं, बापाच्या मांडीवर बसायला मिळतं म्हणून बसते. एका संध्याकाळी हे डबा ठेवून बसले, तर ही त्यांच्या पुढ्यात उभी राहिली आणि हात हलवायला लागली. मिशा काढल्या, म्हणजे मांजर. दोन मुठींनी धार काढली, म्हणजे दूध. मग कमरेला पदर खोचला, झाडू उगारला, धावली, पाय घसरला आणि धपकन बसली! हे पोट धरून हसायला लागले. सकाळी मांजरानं दूध सांडलं होतं, मी झाडू घेऊन धावले आणि त्याच दुधावरून घसरून पडले होते. ही माझी चहाडी करत होती, सोजर! सकाळची गोष्ट संध्याकाळी सांगत होती, मांजर समोर नाही, दूध समोर नाही, झाडूसुद्धा नाही. माझी कंबर दुखत होती आणि मी रडत होते आणि हसत होते. हे म्हणाले, "अगं, रडतीस कशाला? लागलं का फार?" पुरुषांना कधी काय कळेल तर शपथ.

त्या दिवसापासून मी हट्टच धरला. ह्यांना म्हटलं, खात्यातला प्रत्येक हात, प्रत्येक खूण मला शिकवा, चावट सोडून. त्यांनी मला चावटच आधी शिकवले. पोळ्या लाटताना मी लाटणं ठेवून बोलायची, पोळी करपायची, करपू दे. झुंबरनं विचारायला सुरुवात केली आणि मग काही थांबली नाही. आजी कुठं गेली, हे तिनं मला हातानं विचारलं आणि मी हातानंच सांगितलं. मग ती रडली, मीही रडले, आणि कोपऱ्याकडे बोट दाखवणं थांबलं. खात्यातल्या माणसांनी तिचं बारसंही केलं. नाव ठेवलं चिंधूनं, डोळ्यांपाशी दोन बोटं नेऊन समोर उघडायची, म्हणजे सगळं टिपणारी. ते नाव तिनं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं करून पाहिलं तेव्हाचा तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. झुंबर हे नाव आम्ही हौसेनं ठेवलं होतं, पण ते तिला कधी मिळालंच नव्हतं. मी चिंधूला म्हटलं, दादा, आमच्या मुक्या पोरीवर तुमचे फार उपकार झाले. तर तो चक्क रागावला. म्हणाला, "नर्मदाबाय, तुमची पोर मुकी नाय. ती आमच्या खात्यातली हाय." मुकी हा शब्द माझ्या घरात मी उच्चारला तो शेवटचा. पेढ्याच्या वेळचा सोडून.

मग तिनं वयात येऊन गिरणीत काम मागितलं. शाळेत ती थोडंफार लिहायला-वाचायला शिकली होती, घरबसल्या शिवणही करायची. पण तिला कांडीखातंच हवं होतं. मला म्हणाली, आई, बाहेर मी एकटी, तिथं सगळे माझ्यासारखे. आता काय सांगायचं हिला? सगळे आत गेल्यावर हिच्यासारखे होतात हे खरंच होतं. पण त्याच सुमारास पुण्याचे एक नवे साहेब आले होते. त्यांनी अर्ज बघून सरळ नाही म्हटलं. भोंगा वाजला तर हिला कळणार कसं, कुणी थांब म्हणून ओरडलं तर ऐकणार कशी, उद्या हात अडकला तर जबाबदार कोण? माणूस मगरूर नव्हता, काळजीनंच बोलत होता. पण नाही ते नाहीच. झुंबर दोन दिवस कुणाशी बोलली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. ते बांधलेले हात मला बघवेनात. तिसऱ्या दिवशी मी चांगलं पातळ नेसले, तिला बरोबर घेतलं आणि पाळी चालू असताना गिरणीच्या दारात जाऊन उभी राहिले.

दामू जॉबरनं आमची बाजू घेतली. म्हणाला, साहेब, काय विचारायचं ते आत येऊन विचारा. साहेब साचेखात्यात आले. दारातून दोन पावलं आत गेले आणि मोठ्यानं काहीतरी बोलले. दामूनं कानामागे हात धरला. साहेब आणखी मोठ्यानं बोलले, मानेच्या शिरा ताणल्या. दामूनं टोपी तिरकी करून खांदे उडवले. साहेबांनी चिंधूकडे पाहिलं, चिंधूनंही कानामागे हात धरला. तेवढ्यात चहाच्या सुट्टीचा भोंगा झाला असावा, कारण दामूनं घड्याळाकडे बघून भिंतीवरचं बटण दाबलं आणि दिवे दोनदा चालू-बंद केले, आणि सगळ्यांनी साचे बंद करायला घेतले. भोंगा तिथं कुणालाच ऐकू येत नाही, सोजर. दिवे मिचकावूनच सांगतात. साहेब वर दिव्यांकडे बघत राहिले आणि मग हळूच चष्मा पुसायला लागले.

पण हाडाचे साहेब ते! म्हणाले, ठीक आहे, पण कामाचे चार हात कुणीही पाठ करील. अचानक काही वेगळं सांगायची वेळ आली तर? साचे पुन्हा सुरू करवले, झुंबरला पार दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि बाहेर येऊन दामूला एक निरोप दिला. कामाचा नाही, घरचा. उद्या माझी आई यायची आहे, तिला आणायला मला पालघर स्टेशनवर जायचंय. दामूनं आत जाऊन तो हातानं चिंधूला दिला. चिंधूनं मधल्या गल्लीतून झुंबरला दिला, आणि त्या दिवशी त्यानं तिखटमीठ लावलं नाही. झुंबर चालत बाहेर आली. साहेबांना तिचे हात कळत नव्हते, म्हणून ती मला सांगणार आणि मी तोंडानं बोलणार असं ठरलं. ह्यांचा साचा चालू होता, तरी मान उंचावून दाराकडेच बघत होते.

झुंबरनं बोटांनी डोळ्यांभोवती चष्मा काढला, म्हणजे साहेब. मग आई, उद्या, आगगाडी, पालघर. मी एकेक शब्द बोलत गेले आणि साहेब मान हलवत गेले. निरोप पुरा झाला. मला वाटलं झालं, तर हिचे हात थांबेनात! डोळे मिचकावून तिनं पुढं सांगितलं, मग उद्या साहेब उशिरा येणार, तर साहेबांचा खाडा कोण मांडणार?

सोजर, गिरणीत कुणी पाळी चुकवली की त्याचा खाडा मांडतात, पगार कापतात. आणि ही कार्टी ज्याच्या हातात नोकरी त्याचाच खाडा काढायला निघाली! दामूला हात कळले होते, त्यानं मला मान हलवून खुणावलं, बोलू नका. किती सोपं होतं! मी गप्प बसले असते तर साहेबांना कळलंही नसतं. पण झुंबर माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला ओठ हलताना दिसतात, बाई. तिचा शब्द मी गिळला असता, तर मग त्या वरच्या काकूंचं काय चुकलं? नोकरी गेली तर गेली, पण तिचं बोलणं निम्मं कापून मी कुणाला देणार नव्हते. मी पदर सावरला, साहेबांच्या डोळ्यांत बघितलं आणि जसंच्या तसं सांगून टाकलं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग झुंबरकडे. आणि मग असे हसले, असे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं आणि दाराला धरून उभं राहावं लागलं. दामू हसला, चिंधू हसला, आणि बातमी आत गेली. दारातून मला दिसत होतं, एकेका साच्यावर ती पोचत होती आणि माणसं हसत होती, हसणं पार त्या टोकाला जाऊन पोचलं. झुंबर मधे उभी राहून ते बघत होती. आवाज कसलाच नाही तिला, पण तिनं केलेला विनोद शंभर माणसांच्या तोंडावर फुललेला तिनं डोळ्यांनी पाहिला. साहेब दामूला म्हणाले, "हिला सोमवारपासून घ्या. आणि माझा खाडा मांडा." खरंच मांडला बरं का त्यांनी!

जेवणाच्या सुट्टीत सगळे ओट्यावर आमच्याभोवती जमले. मला तोवर हाताचं नाव नव्हतं, मी कधी खात्यात गेलेच नव्हते ना. चिंधूनं झुंबरला विचारलं, तुझ्या आईचं नाव काय ठेवायचं? तिनं जराही विचार केला नाही, आपला पंजा स्वतःच्या गळ्यावर ठेवला. सगळ्यांना पटलं. आज आई हिचा आवाज झाली, म्हणून गळा. मलाही तसंच वाटलं आणि मी मनातून फुशारले. पण घरी येताना वाटेत ती मला म्हणाली, नाही आई, आजचं नाही. हे नाव जुनं आहे. मी लहान होते तेव्हापासून मी तुला हेच म्हणते. मला दुसरं काही माहीत नव्हतं तेव्हाही हे माहीत होतं, इथं हात ठेवला की तू असतेस. सोजर, इतकी वर्षं मला वाटत होतं, माझी लेक लहानपणी मला कधी आई म्हणाली नाही. ती तर रोज रात्री म्हणत होती.

आता खरं सांगते, पत्र कशासाठी लिहिलं ते. त्या मांडवात बँड डोक्यावर वाजत होता, आणि तुझा पंढरी तुझ्या खांद्यावर गाढ झोपला होता. बायका म्हणाल्या, किती गुणाचं लेकरू. बँड थांबल्यावर तो जागा झाला, तेव्हा तू मागून हाका मारत होतीस, तो वळला नाही, आणि तू हसून म्हणालीस, "हट्टी आहे गं." तुझं ते हसणं मी ओळखलं, माझ्या तोंडावर तेच हसणं दोन वर्षं होतं. तुला आतून ठाऊक आहे, सोजर, आणि तू कुणाला सांगितलेलं नाहीस. सांगू नकोस हवं तर. डॉक्टरांना मात्र दाखव, कदाचित माझा अंदाज चुकेल आणि मी पेढे वाटीन. नाही चुकला, तरी मी पेढेच वाटीन. झुंबरनं मांडवातच मला विचारलं होतं, ह्या छोट्याचं नाव काय ठेवायचं? मी म्हटलं, त्याला इकडे येऊ दे. तेव्हा शिमग्याला जावईबापूंनाही घेऊन दोघं नव्हे, तिघं या, आणि महिनाभर राहा. चिंधू म्हातारा झालाय, पण नाव ठेवायला अजून तसाच तयार आहे. तोवर एवढं कर. आज रात्री पंढरीला कुशीत घे, त्याचा हात उचलून तुझ्या गळ्यावर ठेव, आणि मग त्याला हाक मार.

तुमच्या तिघांची वाट पाहणारी, तुझीच,
नर्मदाताई